विंचवाला गोळी आहे, मग सापाला का नाही?

परवा दुकानात एक आजोबा आले. बीपीची गोळी घेतली, पैसे मोजले आणि मग हळूच म्हणाले, "भाऊ, सापाची गोळी ठेवता का जी? दोन-चार देऊन द्या. रोवणी लागली, रोज बांधीत उतरा लागते. खिशात असली म्हणजे बरं."

मी म्हटलं, "आजोबा, सापाची गोळी नसते."

"विंचवाची असते म्हणते न?"

"हो, ती असते."

"मंग सापाची कायले नाही?"

मागे तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. "नसते जी, साप चावला तर सरळ दवाखान्यात जा," एवढं बोलून मी त्यांना वाटेला लावलं. आजोबा गेले, प्रश्न काउंटरवरच राहिला. बावीस वर्षं औषधं विकतो आहे. फार्मसी शिकताना याचं उत्तर पाठ करून पेपरात लिहिलंही होतं. पण सत्तरीच्या माणसाला दोन मिनिटांत समजेल असं सांगता आलं नाही, याची लाज वाटली.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा. या विषयावर लिहायला माझं स्वतःचं एक कारणही आहे, ते पुढे येईल.

आधी विंचू. आजोबा म्हणत होते ती गोळी म्हणजे प्राझोसिन. मुळात बीपीचं औषध. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट मरायची. घाम, हातपाय गार, छातीची धडधड, आणि शेवटी फुफ्फुसात पाणी. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेले आणि रात्र-रात्र अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, बीपी, श्वास लिहीत राहिले. त्यांच्या लक्षात आलं की विंचवाच्या विषानं अंगातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबाखाली दमतं. मग वाहिन्या सैल करणारं औषध का देऊ नये? प्राझोसिन दिलं. १९८६ साली बावस्कर पती-पत्नींचं त्यावरचं लिखाण लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरात पंचवीस-तीस जण दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (प्राझोसिन घरात ठेवून मनानं घ्यायची गोळी नाही बरं का. बीपी झटकन उतरतं, माणूस उभ्याउभ्या पडतो. दवाखान्यात, झोपवूनच देतात.)

आता नीट बघा. ही गोळी विषाला मारत नाही. विष जे करतं ते थांबवते. आणि ते तिला जमतं, कारण ती लहान आहे.

औषधाचा सर्वात लहान कण म्हणजे रेणू. त्याचं वजन डाल्टन नावाच्या मापात मोजतात. तापाची पॅरासिटामॉल १५१. प्राझोसिन ३८३. सापाच्या इंजेक्शनात जो कण असतो तो साधारण १,१०,००० डाल्टनचा. म्हणजे पॅरासिटामॉल धानाचा एक दाणा धरला तर सापाचं औषध म्हणजे सातशे दाण्यांची मूठ, आणि तीही एकत्र चिकटलेली.

आपल्या आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या थराचं असतं. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात की मधल्या फटीतून फारसं काही जात नाही. लहान आणि थोडा तेलकट स्वभावाचा रेणू असेल तर तो पेशीतूनच पलीकडे झिरपतो आणि रक्तात पोचतो. ख्रिस्तोफर लिपिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं १९९७ मध्ये यावरून एक ठोकताळा मांडला, तो औषधाच्या धंद्यात अजून चालतो. रेणू ५०० डाल्टनच्या वर गेला की तोंडानं घेऊन काम होण्याची आशा कमी. एक लाख दहा हजाराची तर गोष्टच सोडा.

त्यातही ते पोचेल कुठे? सापाचं औषध म्हणजे प्रथिन. साध्या भाषेत डाळ. पोटात गेलं की आम्ल आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतात, पुढे आतड्यातले रस उरलेलं संपवतात. गंमत अशी की हे औषध कारखान्यात तयार करतानाही पेप्सिनच वापरतात. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचत जातात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, रक्त काढून ती वेगळी करतात आणि पेप्सिननं त्यांचा नको असलेला शेपटीकडचा भाग छाटून टाकतात. परळच्या हाफकिनचं नाव आपण ऐकतो ते यासाठीच. कारखान्यात मोजून-मापून छाटणी होते. पोटात मोजमाप नसतं, सगळंच जातं.

शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगायचं तर चीक आठवायचा. वासरू जन्मलं की पहिल्या काही तासांत त्याला गाईचा चीक पाजलाच पाहिजे, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. का पाजायचा? गाईच्या पोटात असताना वासराला आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, वार ती जाऊ देत नाही. ती सगळी चिकात असतात. आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराचं आतडं उघडं असतं, एवढे मोठाले कण तसेच्या तसे रक्तात घेतं. एक दिवस उलटला की ते दार बंद होतं. मग बादलीभर चीक पाजला तरी पोषण मिळेल, प्रतिपिंडं मिळणार नाहीत. आजोबांचं आतडं सत्तर वर्षांपूर्वीच बंद झालेलं आहे. त्यात सापाची गोळी घालून काय होणार?

सापानं मात्र हा प्रश्न कधीच सोडवला. त्याच्या विषातही मोठे मोठे रेणूच आहेत. ते तो आपल्याला पाजत नाही, कातडीच्या खाली टोचतो. दात म्हणजे सुईच. वर त्या विषात हायलुरोनिडेज नावाचा एक पदार्थ असतो, तो कातडीखालचा चिकट मसाला सैल करतो, म्हणजे विषाला पसरायला वाट मिळते. आज कॅन्सरची काही मोठ्या रेणूंची औषधं शिरेऐवजी कातडीखाली देतात, त्यांच्यात हाच पदार्थ, प्रयोगशाळेत बनवलेला, मिसळलेला असतो.

कातडीखाली गेलेले मोठे रेणू लगेच रक्तात जात नाहीत. रक्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंती त्यांना अडवतात. ते आधी लसिकेत, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या रसाच्या नळ्यांत शिरतात. या नळ्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. रस मुख्यतः पुढे सरकतो तो आपले स्नायू हलतात म्हणून. साप चावल्यावर पळू नका, चालू नका, हात-पाय फळी बांधून स्थिर ठेवा असं सांगतात ते याचसाठी. घाबरून गावभर धावणारा माणूस स्वतःच विषाचा पंप मारत असतो. दोरी करकचून बांधणं, कापणं, चोखणं, यातलं काहीही करायचं नाही.

आता माझं कारण.

काही वर्षांपूर्वीची रोवणी. माझा चुलतभाऊ, मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दिवसभर पऱ्हे उपटून, चिखलात वाकून आलेला. पोरी खाटेवर, तो खाली चटईवर. रात्री तीनच्या सुमारास वहिनीनं माझ्या घराचं दार वाजवलं. "भाऊजी, यायचं पोट लय दुखून राहिलं. उलटीबी झाली. गॅस झाला वाटते."

मी दुकानाचं शटर अर्धं उचललं. गॅसची एक गोळी, पोटात मुरडा थांबवायची एक गोळी. "सकाळी बघू" म्हणालो आणि झोपलो.

साडेचारला ती परत आली. "डोळे उघडत नाही म्हणते. बोलणं कसंतरीच येऊन राहिलं." मी गेलो. दादा भिंतीला टेकून बसला होता. पापण्या अर्ध्यावर लटकलेल्या. मान सावरत नव्हती. नाकातून बोलत होता. तेव्हा माझ्या अंगातून थंडी गेली. मण्यार. मण्यार रात्री निघते, खाली झोपलेल्याला चावते, मुंगी चावल्याएवढंही कळत नाही, दाताची खूणही बहुतेक वेळा सापडत नाही. आणि पहिलं लक्षण बरेचदा पोटदुखी. हे मला माहीत होतं. माहीत असून मी गॅसची गोळी दिली. दीड तास माझ्या त्या दोन गोळ्यांनी खाल्ला.

जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर एकटा होता. सापाचं औषध कपाटात होतं. त्यानं सुरू केलं नाही, पुढे न्या म्हणाला. त्या वेळी मी त्याच्यावर ओरडलो. आज तेवढ्या जोरानं ओरडणार नाही, का ते पुढे सांगतो. १०८ आली. वाटेत दादाचा श्वास उथळ झाला, मग जवळजवळ थांबला. गाडीतल्या डॉक्टरनं तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. त्याचे हात थकले की मी, माझे थकले की तो. आपल्या जिल्ह्याचा दक्षिण भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत आहे, अर्जुनी-मोरगावकडून किंवा देवरीकडून गोंदिया म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर. पावसाळ्यात, अंधारात.

फुगा दाबताना मला एक जुना धडा आठवत होता. अगदी लहान औषधांपैकी एक कुठलं? ऑक्सिजन, ३२ डाल्टन. आणि त्याच्यासाठी अंगातली सगळ्यात पातळ भिंत, फुफ्फुसातली, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. या औषधाला कुठे अडायला जागाच नाही. फक्त हवा आत ढकलणारे स्नायू हलले पाहिजेत, आणि दादाचे तेच बंद पडले होते. त्या रात्री दादाला जिवंत ठेवलं ते या ३२ डाल्टनच्या औषधानं. एक लाख दहा हजाराचं त्यानंतर मिळालं.

मोठ्या दवाखान्यात शिरेतून दहा कुप्या लावल्या. शिरेतूनच का? कारण मांडीत किंवा चावल्या जागी टोचलं तर तो मोठा रेणू लसिकेच्या वाटेनं रखडत जातो, आणि विष तोवर पुढे गेलेलं असतं. शिरेत दिलं की सगळे अडथळे ओलांडून थेट रक्तात. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच कुप्या लागतात, कारण साप मूल बघून कमी विष टोचत नाही. हे नातेवाइकांना पटत नाही, भांडतात.

मी डॉक्टरांना विचारलं, औषध लागलं, आता उठेल ना? ते म्हणाले, इतक्यात नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकात शिरतं, जिथं तंतू स्नायूला हुकूम देतो तिथं. ते टोकच निकामी करतं. रक्तात फिरणाऱ्या विषाला आमचं औषध पकडेल. टोकाच्या आत गेलेल्याला ते शिवू शकत नाही. एवढा मोठा कण आत शिरणार कसा? आता नवी टोकं फुटेपर्यंत श्वास मशीननं द्यायचा. मी मनात म्हटलं, धानाला फुटवे येतात तसं.

म्हणजे तोच एक दोष दोनदा आडवा आला. मोठा असल्यामुळे हे औषध तोंडानं देता येत नाही. मोठा असल्यामुळेच, उशीर झाला तर पोचलेल्या विषापर्यंत ते पोचत नाही. त्याला विष रक्तात असतानाच गाठावं लागतं. माझा दीड तास तिथं गेला.

व्हेंटिलेटरवर दादा दगडासारखा पडला होता. पापणी उचलून टॉर्च मारला तर बुबुळ हलत नव्हतं. गावाकडून आलेली मंडळी बघून जात आणि बाहेर येऊन मान हलवत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चार पुरुष त्याच्या पलंगाशीच उभे राहून बोललो. फुकट मशीनवर कशाला ठेवायचं, न्यायचं का घरी. उरलेल्या दोन बांध्या कोणाला रोवायला द्यायच्या. सोसायटीचं कर्ज किती आहे. एक नर्स आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "इथं बोलू नका. त्यांना ऐकू येतं."

आम्हाला वाटलं, धीर द्यायला म्हणते.

ती खरं बोलत होती. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत अंगातल्या इतर वाहिन्यांसारखी नसते. पॉल एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८८५ च्या सुमाराला लक्षात आलं की प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगतात, मेंदू कोरा राहतो. त्याला वाटलं मेंदूला रंग चढतच नाही. त्याचाच शिष्य गोल्डमन, त्यानं १९१३ मध्ये उलट करून पाहिलं. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकी अंग कोरं राहिलं. म्हणजे मधे भिंत आहे. मण्यारीच्या विषाचे रेणू ती भिंत ओलांडत नाहीत. हात, पाय, पापणी, जीभ, श्वास, सगळं बंद. आत माणूस जागा.

या भिंतीबद्दल एक गोष्ट फार्मसीच्या वर्गात मला फार आवडायची. धोतऱ्याचं बी खाल्लं की माणूस बरळतो, हे गावात सगळ्यांना माहीत. धोतऱ्यातलं अॅट्रोपिन २८९ डाल्टनचं, ते मेंदूच्या भिंतीतून आत शिरतं. निओस्टिग्मिन नावाचं औषध नाग चावल्यावर देतात (मण्यारीला त्याचा फारसा उपयोग होत नाही), ते २२३ चं. अॅट्रोपिनपेक्षा लहान, तरी मेंदूत शिरत नाही. कारण त्याच्यावर विजेचा भार असतो, पेशीच्या तेलकट भिंतीला ते चालत नाही. नुसतं लहान असून भागत नाही.

सहाव्या दिवशी दादाचं बोट हललं. मग पापणी. नळी काढल्यावर दोन दिवस आवाज फुटत नव्हता. फुटला तेव्हा वहिनी शेजारी होती, पोरी होत्या, तरी पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं. "माह्या बांध्या कोणाले देऊन राहिला होतास बे?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि बाहेर जाऊन रडलो. त्यानं सगळं ऐकलं होतं. कोण काय बोललं, कोणी किती कर्ज सांगितलं, आणि मी वहिनीला म्हटलेलं "मला वाटलं गॅस आहे" हेसुद्धा. त्यावर तो आजवर एक शब्द बोललेला नाही.

त्या तरुण डॉक्टरकडे परत येतो. हे औषध घोड्याचं प्रथिन आहे. आपलं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि काही जणांना जबर उलट प्रतिक्रिया येते. बीपी पडतं, घसा सुजतो. त्यावर उपाय अॅड्रेनॅलिन, १८३ डाल्टन, स्वस्त, मांडीत टोचायचं. ते हाताशी भरून ठेवलं आणि कोणी सोबतीला असलं तर पहिला डोस आरोग्य केंद्रातच सुरू करता येतो. पण रात्री एकटा असलेला नवा डॉक्टर विचार करतो: इथं सुई लावली आणि माणूस गेला तर गाव मलाच मारेल. पुढे पाठवला आणि वाटेत गेला तर साप जबाबदार. आपण लोकांनीच दवाखाने फोडून त्याला हे शिकवलं आहे. मी स्वतः त्या रात्री त्याची कॉलर धरायच्या बेतात होतो.

देशात सर्पदंशानं दरवर्षी सुमारे ५८,००० माणसं मरतात, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायची योजना जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं. चांगलं आहे. पण आपल्या जिल्ह्यात मला विचाराल तर मागणी साधी आहे. रोवणी ते कापणी या काळात दूरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्री दोन माणसं हवीत, कपाटात कुप्यांच्या शेजारी अॅड्रेनॅलिन हवं, आणि तो रबरी फुगा दाबता येणारा माणूस हवा. पहिला डोस तिथं, मग गाडी. औषध मोफत आहे आणि कपाटात आहेही. त्या औषधाला कपाटातून शिरेपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो कमी करा एवढंच मागणं आहे. २०१६ पासून गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांच्या पावसाळ्यातल्या रात्रपाळ्या या केंद्रांवर लावता येतात का, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. मी विचारलं आहे. उत्तर आलं की इथंच लिहीन.

आता आजोबांच्या गोळीकडे. आशा अगदीच नाही असं नाही. सापाच्या विषातून गोळी निघालेली आहे, तीही आपण रोज विकतो त्या खानदानातली. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषात बीपी उतरवणारा एक पदार्थ सापडला. तो प्रथिनाचा तुकडा असल्यामुळे फक्त इंजेक्शननं चालायचा. मग शास्त्रज्ञांनी त्याचं नेमकं काम करणारा टोकाचा भाग ओळखून त्याची लहान नक्कल बनवली, कॅप्टोप्रिल, २१७ डाल्टन. १९८१ पासून बाजारात. आजोबा बीपीची जी गोळी नेतात ती याच घराण्यातली. म्हणजे सापाचीच गोळी ते रोज खातात, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

तशीच लहान गोळी विषाविरुद्ध करायचा प्रयत्न चालू आहे. व्हॅरेस्प्लाडिब नावाची एक आहे. बऱ्याच सापांच्या विषात एक समान घटक असतो, त्याला ती अडवते, आणि आकारानं प्राझोसिनएवढीच आहे. भारतात आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर ठरवलेल्या मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. चावल्यापासून पाच तासांच्या आत जिला गोळी मिळाली त्या गटात फायद्याची चिन्हं दिसली. ती आली तरी इंजेक्शनच्या ऐवजी नाही, दवाखान्यात पोचेपर्यंतची सोबत म्हणून येईल. बावस्करांचंच बघा. विंचवाचं प्रतिविष हाफकिननं बनवल्यावर त्यांनी गोळी आणि इंजेक्शन दोन्ही मिळून देऊन पाहिलं. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. लहान रेणू परिणाम थोपवतो, मोठा विषाला धरतो. ज्यांनी आयुष्यभर गोळीची बाजू मांडली त्यांनीच हे तपासून सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि मोठ्या रेणूची गोळी? साखरेवरचं सेमाग्लुटाइड, ४,११३ डाल्टन, गोळीतून मिळतं. सोबत एक मदतनीस पदार्थ घालून ते पोटाच्या अस्तरातून पार करतात. रिकाम्या पोटी, दोन घोट पाण्याबरोबर, पुढे अर्धा तास काही खायचं नाही. एवढं करून शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात पोचतो. डायबिटीसला ते चालतं, रोज घ्यायचं असतं. मण्यारीला शंभरातला एक भाग आणि अर्ध्या तासाची वाट चालत नाही.

तोवर एक भिंत आपल्या हातात आहे, ती शरीराच्या बाहेरची. मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत, आपल्यासारख्याच धानाच्या मुलखात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असं अभ्यासात दिसलं आहे. मलेरियासाठी आपल्या भागात औषध लावलेल्या मच्छरदाण्या सरकारनं वाटल्या आहेत. दादाच्या घरातही एक होती. त्या रात्री ती कोंबडीच्या पिलांवर घातलेली होती, घारीपासून वाचावीत म्हणून. आता ती दादाच्या खाटेवर असते, कडा गादीखाली खोचलेल्या. पिलांसाठी त्यानं टोपली आणली.

मी दुकानात एक गोष्ट बदलली. जून ते ऑक्टोबर रात्री कोणी पोटदुखीची गोळी मागायला आलं की आधी तीन प्रश्न विचारतो. खाली झोपला होता का? पापण्या जड वाटतात का? गिळता येतं का? लोक वैतागतात. "गोळी द्या न जी, कायची चौकशी लावली!" एकदा एका पोराला मी गोळी न देता त्याच्या बापाला बघायला सोबत गेलो. साधा गॅसच होता. त्याच्या आईनं चहा पाजला आणि परत पाठवलं.

आजोबांचं गाव मला माहीत आहे. रविवारी तिकडे जायचं आहे, जाताना एक मच्छरदाणी घेऊन जाईन.